पंचाच्या शब्दावर हरकत

“खरं सांगा, तुम्ही सगळे मुद्दाम हरता काय?”

हा प्रश्न माझा नव्हे. माझ्या वर्गातल्या सौम्या आणि चंदनानं मधल्या सुट्टीत पैज लावली, आणि मी, भैरवी, दहावी ब, पैज म्हटली की मागं न हटणारी. घरी येऊन दप्तर टाकलं आणि प्रश्न आमच्या ग्रुपवर पाठवून दिला. शेवटी हसणारा चेहरा चिकटवायचा राहिला. त्यामुळं तो थट्टेचा वाटेना.

ग्रुपचं नाव ‘सात अक्षरी’. रोज सकाळी फोनमधलं एक ॲप सात अक्षरं काढून देतं. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार हवे ते लावा, अक्षर परत वापरा, आणि संध्याकाळपर्यंत जमतील तितके शब्द पाठवा. ज्याचे जास्त तो जिंकला. खेळणारे आम्ही चौघं. निपाणीचे वर्धमान अण्णा, ज्यांचं भुसाराचं दुकान आहे. आमच्याच शहापुरातल्या, पण दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या लतिका टीचर. पिरनवाडीचे नागेंद्रमामा, जे उद्यमबागेत माझ्या बाबांच्याच फौंड्रीत भट्टीवर असतात. मामा घरी कन्नड बोलतात, भांडायला मात्र त्यांना मराठी लागतं.

आणि भांडण हाच खरा खेळ. आता मागच्या आठवड्यातलंच बघा.

“बुत्ती?” लतिका टीचरनी लिहिलं. “हरकत. ती कन्नड आहे, मामा. मराठीत दहीभात.”

“मग उद्यापासनं दहीभातच खावा की टीचर. परवा डब्यात काय न्हेलतासा?”

“डब्यात काय न्यायचं ते माझं मी बघीन. माझ्या कोशात बुत्ती नाही.”

“कोशवाल्यास्नी एकदा जेवायला बोलवूया,” अण्णा मधे पडले. “साक्ष लिहून घ्या. निपाणीत बुत्ती म्हणतात.”

“पिरनवाडीतबी म्हणतात.”

कोशात नसलेल्या शब्दाला दोन वेगळ्या गावांची साक्ष मिळाली की तो पास, हा आमचा नियम. पण साक्षी खऱ्या की यारीदोस्तीतल्या, ते पंचानं ठरवायचं. पंच कोण? तर आदल्या दिवशी जो जिंकला तो. पंचानं स्वतःही खेळायचं, पण त्याच्या शब्दावर कुणी नुसती हरकत घेतली तरी तो शब्द बाद. साक्ष नाही, सुनावणी नाही, कारण आपल्याच खटल्यात आपण निवाडा करायचा नसतो.

तर पंच होऊन जिंकणं अवघड. आणि मी तर दसऱ्यापासून जिंकतच होते.

आईला ते अजिबात आवडत नव्हतं. वकिलांच्या ऑफिसात दिवसभर टायपिंग करून ती घरी यायची, तेव्हा मी चौघांच्या याद्या तपासत बसलेली असायची. कोश उघड, साक्ष गोळा कर, रुसलेल्या अण्णांना समजाव, निकाल लाव. मग जेवण, मग गणित, मग गणिताच्या वहीवरच डोकं. शेवटी आईनं अट घातली, “जिंकतीस तोवर खेळ. ज्या दिवशी हरशील, त्या दिवशी फोन कपाटात. परीक्षा झाल्यावर बाहेर.” मी हसून हो म्हटलं. हरायची कुणाला भीती होती! वर्गात सगळ्यांना सांगून झालेलं, तीन मोठी माणसं माझ्यापुढं टिकत नाहीत म्हणून. ज्या भैरवीला नववीपर्यंत फळ्यासमोर उभं राहिलं की घाम फुटायचा, ती यंदा शाळेच्या वादविवादात नाव देऊन आली होती. ते सगळं या जिंकण्यावर उभं होतं.

आणि मधल्या सुट्टीत सौम्यानं डबा उघडता उघडता विचारलं, “तू डोळे चोळत असतीस दिवसभर. काय करालीस काय रात्री?”

“पंच आहे मी.”

“रोज?”

“रोज मीच जिंकते. काय करू?”

“आणि पंचाच्या शब्दावर हरकत घेतली की तो बाद, व्हय? तूच सांगितलीस.”

“मग?”

“मग तुझ्यावर कोण हरकत का घेत न्हाय?”

चंदना हळूच म्हणाली, “अगं, मोठी माणसं लहान पोरांशी कॅरम खेळताना करतात तसं असेल.”

“काहीही!”

“मग विचार की ग्रुपवर. विचारलीस तर मिठाईच्या दुकानातला कुंदा माझ्याकडून,” सौम्या म्हणाली. “तुझ्यानं होणार न्हाय.”

झालं.

प्रश्न पाठवल्यावर तिघांनी वाचल्याची निळी खूण आली. उत्तर कुणाचंच नाही. एरवी ‘बुत्ती’वर तासभर लिहिणारी माणसं ही.

तेवढ्यात बाबा आले. खुर्चीत बसले आणि बूट काढायला वाकले ते तसेच वाकून राहिले. हल्ली रोज असंच करतात. मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला.

“बाबा, हे वाचा. कुणी बोलेना बघा.”

त्यांनी वाचलं. एक बूट निघाला.

“कशाला विचारलीस गं?”

“म्हणजे खरं आहे?”

“त्यांचं मला काय ठाऊक न्हाय.” दुसरा बूट निघाला. “माझं मी सांगतो. मी तसाच सुटलो.”

ग्रुप बाबांनीच सुरू केलेला, हे मला माहीत होतं. वेळ मिळत नाही म्हणून त्यांनी फोनसकट तो मला दिला, हेही माहीत होतं. पण त्याआधी बरेच दिवस ते चांगले शब्द मनातच ठेवायचे, हे आज कळलं.

“जिंकलं की उद्याचा दिवस गेला,” बाबा म्हणाले. “कंपनीत दिवसभर ह्याचं त्याचं ऐकायचं, घरी येऊन परत तिघांचं ऐकायचं. नको वाटायचं. मग दोन शब्द कमी पाठवायचे. कुणाला कळतंय?”

फोन वाजला. ग्रुपवर नागेंद्रमामांचा व्हॉइस मेसेज होता, मागं मोटरसायकली.

“भैरवी, बाळ, रागावू नको. शब्द सुचत न्हाईत असं न्हवं, लई सुचतात. पर भट्टीपुढं उभारून डोळं वाळून जातात बघ. जिंकलो तर पंच. म्हणून दोन-चार शब्द खिशातच ठेवतो.”

त्यापाठोपाठ लतिका टीचर. “मी पण. दिवसभर पेपर तपासायचे आणि घरी येऊन परत याद्या तपासायच्या, जिवावर येतं गं. तुझ्या शब्दांवर हरकत घेतली असती, तर पंचपद कदाचित माझ्याकडं आलं असतं. म्हणून गप्प बसले.”

मग अण्णा. “थांबा थांबा. मला वाटत होतं, मी एकटाच असं करतोय!”

“अण्णा, तुम्हीसुद्धा?” टीचरनी लिहिलं. “आणि मी तुमच्यावर दया करत होते!”

“माझ्यावर? मी रोज तुमच्या खाली राहायला धडपडत होतो की ओ!”

“म्हणून काल माझा नंबर चुकून दुसरा आला व्हय,” मामा म्हणाले. “मी दचकलोच.”

तिघंही एकमेकांना चोरून हरत होते, आणि आता ते कळल्यावर तिघंही हसत सुटले होते. ग्रुपवर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी मात्र हसू शकले नाही. मला एकदम दमल्यासारखं झालं. म्हणजे दमलेली मी आधीपासूनच होते. जिंकतेय म्हणून ते कळत नव्हतं, एवढंच.

“मग मी हुशार आहे की नाही?” मी बाबांना विचारलं.

“असशील की.”

“असशील म्हणजे?”

“खरं कुणी खेळलंच न्हाय तुझ्याबरोबर. मग कसं सांगू?”

आत जाऊन मी तोंडावर पाणी मारलं. परत येऊन लिहिलं, “उद्या शनिवार. उद्या एकदा सगळे खरं खेळा. खिशात काही ठेवायचं नाही. कुणी का जिंकेना, रविवारची पंच मीच. शब्द देते.”

पाठवल्यावर आठवलं, उद्या हरले तर रविवारी फोन कपाटात. पण शब्द देऊन झाला होता.

शनिवारची शाळा सकाळची. घरी आले तर अक्षरं वाट बघत होती. ख, ग, ण, म, व, ळ, स. मी जेवतानासुद्धा लिहीत होते. वळण, मळणी, खवणी, गवळण, सावळी. यादी चांगली लांब झाली, एरवी जिंकते त्याच्याहून लांब.

मग त्या तिघांच्या याद्या आल्या.

काय सांगू! अण्णांनी वखवख, मळमळ, वळवळ, खळखळ, सळसळ, एका दमात सगळं ओतलं होतं.

“हरकत,” टीचर म्हणाल्या. “हे शब्द नव्हेत, हे आजारपण आहे.”

“कोशात बघा. एकेक शब्द आहे.”

“अण्णा, वखवख कशाला? जेवला न्हाईसा काय?” मामांनी विचारलं.

“आम्ही जैन माणसं. दिवस मावळायच्या आत जेवून मोकळे. तुम्ही आपलं बघा.”

मामांची मूस, सळी, साखळी, गाळ, खिळा आली. टीचरनी ‘गवसणी’ टाकली आणि वर लिहिलं, “हा शब्द मी कितीतरी दिवसांनी लिहिला.” अण्णांनी नुसता नमस्कार पाठवला.

आणि मग टीचरनीच लिहिलं, “पंचाच्या शब्दावर हरकत. सगळंमगळं म्हणजे काय?”

माझ्या शब्दावर! मी खुर्चीतून उठलेच.

“आमच्यात म्हणतात टीचर. आई म्हणते, सगळंमगळं आवर आणि झोप.”

“आईचं गाव एकच. साक्ष एकच. आणि पंचाला साक्ष नसते,” मामा म्हणाले. “बाद.”

“बाद,” अण्णा म्हणाले.

पाठोपाठ माझा आणखी एक शब्द गेला, मग आणखी एक. वाईट वाटायला हवं होतं. पण इतके दिवस मी पाठवलेलं कुणी नीट वाचतच नव्हतं, आणि आज तिघं एकेक अक्षर लावून वाचत होते. वळवळ-खळखळ मी कोशात बघून पास केले. अण्णांनी मला सरस्वती म्हटलं, टीचर थोडा वेळ रुसल्या. निकाल लावला. टीचर पहिल्या, अण्णा दुसरे, मामा तिसरे. मी शेवटची, पण मामांपेक्षा एकाच शब्दानं मागं.

एका शब्दानं! तेही तीन बाद होऊन!

आई पिशवी ठेवून पंख्याखाली बसली होती. बाबा बूट काढायला वाकले होते. मी फोन दोघांच्या मधल्या टीपॉयवर ठेवला.

“आई, मी हरले. शेवटची आले.”

आईनं माझ्याकडं बघितलं. मी रडत नव्हते, म्हणून ती जरा गोंधळली असावी. “मग? अट आठवते ना?”

“आठवते. ठेव कपाटात. पण माझं ऐक आधी. परीक्षा होईपर्यंत मी खेळणार नाही. रोजचा खेळही बंद, मी ग्रुपवर तसं लिहिणार आहे. सगळे दमलेत गं, कुणाच्यानं होत नाही. आता फक्त रविवारी खेळायचं. आणि रविवारची पंच मी. उद्याच नाही, दर रविवारी. दुपारी फोन काढून द्यायचा आणि निकाल लागला की परत घ्यायचा. मी शब्द दिलाय, आणि मला ते जमतंय.”

आई काही बोलायच्या आत मी बाबांकडं वळले.

“आणि बाबा, तुमचं नाव परत घालतेय. उद्यापासून तुम्ही खेळणार. पंच व्हायची भीती नाही आता, तेव्हा मुद्दाम हरायचं काम नाही. हरलात तर मला कळतंय.”