परत पाठवलेला डबा

महापुराच्या वर्षी गणपतीत वर्गशिक्षिका विनिताबाईंनी आमच्या लेकीसाठी, सुवार्तासाठी, मोदकांचा डबा पाठवला. आम्ही ख्रिस्ती, प्रसाद खात नाही. मी डबा तसाच भरलेला, पोरीच्याच हाती परत धाडला. तेव्हापासून मनात घोळत होतं, हिला शाळेतून काढावं, घरीच शिकवावं.

दिवाळीच्या सुट्टीत, तिला वाचता कितपत येतं याचा अंदाज घ्यायला तिला समोर बसवलं, बायबलमधलं स्तोत्र काढून दिलं. शेजारच्या कापड विणायच्या लूमच्या खडखडाटातही तिचा आवाज झऱ्यासारखा वाहत राहिला. ओळीवर बोट ठेवूनही मीच मागे पडलो.

"कुणी शिकवलं गं?"

"बाईंनी. म्हणाल्या, तुमची प्रार्थना परिपाठाला वाच."

"मग वाचलीस?"

"न्हाय." तिनं मान खाली घातली. "पप्पा, आपण त्यांचा डबा घेतला न्हाय. मग त्यांनी आपली प्रार्थना का घ्यायची?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "द्या उत्तर, गुरुजी."

शाळा उघडली त्या दिवशी मी नानकटाईचा डबा घेऊन पोरीसोबत गेलो. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, आणि सुवार्ताला विचारलं, "स्तोत्र आणलंस ना?"

मी त्यांच्या चपलांकडे बघत उभा होतो.