बदली येईपर्यंत

"दोन तासांत बदलीचा माणूस पाठवतो," असं स्टेशनमास्तर सकाळी आठला म्हणाला होता. बारा वाजत आले तरी त्या बाबाचा पत्ता नव्हता. फाटकवाला एकदा केबिनमधल्या फोनकडे बघे, एकदा रस्त्याकडे. आई पहाटेच गेली होती. फाटक उघडं टाकून निघणं म्हणजे कुणाचा तरी जीव घेणं, म्हणून पाय तिथेच खिळले होते. आईला शेवटचं पोचवायला आपण असावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

तेवढ्यात आईच त्याच्याकडे आली. धाकट्या भावाचा ट्रॅक्टर, मागे ट्रॉलीत ती, भोवती भाऊबंद. स्मशान रुळांपलीकडे, आणि फाटक नुकतंच पडलेलं.

"उघड," भाऊ उतरून म्हणाला.

"मालगाडी सुटलीय."

"कुठे दिसते?"

"दिसायला लागल्यावर उघडून काय उपयोग? आणि सिग्नल हिरवा असला की हा दांडा जाम होतो. माझ्या बापाच्यानेही हलायचा नाही." त्याने ओढून दाखवला.

"याच्या फाटकाने गावाचा अर्धा जन्म खाल्ला," चुलता मागून करवादला. "आता मेलेल्यालाही ताटकळवतोय."

फाटकवाल्याच्या जिव्हारी लागलं, पण बोलायला सवड कुठे होती? हिरवा झेंडा घेऊन तो रुळाकडे तोंड करून उभा राहिला. नियमच तसा. एखादं चाक धुमसतंय का, साखळी लोंबतेय का, डबा न् डबा बघायचा. आई पाठीमागे होती आणि मान वळवायची सोय नव्हती. डोळे भरले तर चाकं दिसायची नाहीत, म्हणून त्याने स्वतःला रडूही दिलं नाही.

गाडी गेली, सिग्नल लाल झाला. त्याने दांड्याला हात घातला, तर भावाने तो हात धरला.

"थांब जरा. बस तिच्याजवळ."

इतक्या वर्षांत फाटक बंद ठेव असं त्याला कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. तो ट्रॉलीत चढला. आईच्या कपाळावर आलेली बट त्याने मागे सारली. कपाळ हाताला थंडगार लागलं, आणि मग मात्र त्याला हुंदका आवरेना.

केबिनमध्ये फोन खणखणला.

"पॅसेंजर सोडतोय," मास्तर म्हणाला. "फाटक बंद आहे ना?"

हो म्हटलं की आणखी पंधरा मिनिटं आई इथेच. तेवढ्यात बदली आलीच तर आईबरोबर जाताही येईल. त्याने खिडकीतून पाहिलं. ऊन मी म्हणत होतं, म्हातारी मावशी ट्रॉलीच्या चाकाला टेकून कशीबशी उभी होती.

"बंद आहे, पण दोन मिनिटं द्या साहेब. माझी आई पलीकडे जायचीय."

मास्तर म्हणाला, "बरं. दोनच."

फाटक वर गेलं. "चला, उरका, पुढे घ्या," फाटकवाला ओरडला. रोज ओरडायचा तसंच, फक्त आज आवाज चिरकला. शेवटचा माणूस पलीकडे गेल्यावर त्याने फाटक पाडलं आणि स्वतः अलीकडे राहिला.

पॅसेंजर गेली. काही वेळाने झाडांमागून धूर चढू लागला. तो निवळत आला तेव्हा बदलीचा माणूस सायकल दामटत पोचला.

"रागावू नका दादा," तो धापा टाकत म्हणाला. "निघायलाच उशीर झाला, त्यात मागच्या फाटकावर अडकलो. किती विनवलं, पण उघडेचना तो."

फाटकवाल्याने झेंडे त्याच्या हातात दिले.

"बरोबर केलं त्याने," तो म्हणाला, आणि एकटाच पलीकडे चालू लागला.