नॉर्मनला हजर करा

नॉर्मन हॅलिवेलने सगळी हयात आमच्या स्केलब्रिज गावात बस चालवली. वरच्या वस्तीतून खाली बाजारात आणि बाजारातून पलीकडच्या टेकडीवर. लग्न त्याने केलं नाही, त्याच्या धाकट्या बहिणीने, डोरीननेही केलं नाही. ती बिस्किटांच्या कारखान्यात होती. आईवडील गेल्यावर भाऊबहीण त्याच घरात राहिली. त्यांची आणि आमची भिंत एकच.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी नॉर्मनला पार्किन्सनने गाठलं. त्याच्या गोळ्यांचं असं आहे, की त्या वेळेवर पोटात गेल्या तर तो चालतो, बोलतो, चहाचा कप स्वतः उचलतो. चुकल्या तर अंगाचं लाकूड होतं. पाय जमिनीला खिळतात, चेहरा हलत नाही, लाळ आवरत नाही. त्याची ही अवस्था गावात कुणाला माहीत नव्हती, कारण तो कुणाला बघूच देत नसे. गोळीने अंग सुटलं की टाय बांधून बाहेर पडायचा आणि गोळी उतरायच्या आत घरात शिरायचा. मला ठाऊक होतं ते एवढ्यासाठी, की दोनदा डोरीनने भिंतीवर थापा मारून त्याला उचलायला मला बोलावलं होतं.

महिन्याच्या गोळ्या आणणं हे डोरीनचं काम. डॉक्टरांच्या चिठ्ठीला जोडून एक कागद येतो. त्यावर हव्या त्या औषधापुढे खूण करायची, दवाखान्याच्या दारातल्या पेटीत तो टाकायचा आणि दोन दिवसांनी शेजारच्या इम्तियाजच्या औषधांच्या दुकानातून पुडकं घ्यायचं. बास, एवढंच. कित्येक वर्षं त्यात काही अडलं नाही.

वसंतात दवाखान्यात प्रिडी नावाचे नवे व्यवस्थापक आले आणि पेटीच्या फटीवर पट्टी ठोकली गेली. यापुढे औषधं फक्त फोनवरच्या ॲपमधून मागवायची. डोरीनचा फोन बटणांचा. ती माझ्याकडे आली, मी माझ्या फोनवर सगळं भरून दिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: विनंती नामंजूर, वार्षिक तपासणी बाकी आहे, अपॉइंटमेंट घ्यावी.

अपॉइंटमेंट फोनवरच मिळते, सकाळी आठला. डोरीन आठच्या ठोक्याला फोन लावायची, अर्धा तास फोनवर ताटकळत त्यांनी लावलेलं संगीत ऐकायची, आणि तिचा नंबर लागेपर्यंत त्या दिवसाच्या सगळ्या वेळा संपलेल्या असायच्या. उद्या करा, म्हणायचे. उद्या तेच. शेवटी ती स्वतः दवाखान्यात गेली. मी सोबत होते, म्हणून पुढचं ऐकीव नाही.

काउंटरवर लॉरेन होती. डोरीन तिला तिच्या शाळेच्या दिवसांपासून ओळखते.

"मिसेस हॅलिवेल, तपासणी झाल्याशिवाय सिस्टीम गोळ्या सोडतच नाही," लॉरेन म्हणाली.

"मिस. आणि तपासणीला माझा कुठे नकार आहे? डॉक्टरांना घरी पाठव."

"तपासणीसाठी घरी येत नाहीत. पेशंटनं इथं यायला हवं."

"अगं, गोळ्या उद्या संपतायत. गोळीशिवाय त्याला खुर्चीतून उठता येत नाही."

"मग गोळी घेतल्यावर आणा ना त्यांना."

"घेईल की. दे गोळी."

"तपासणी झाल्यावर मिळेल."

डोरीन काउंटरवर वाकली. "लॉरेन, तू आत्ता काय बोललीस ते तुला कळलं का?"

लॉरेनचे कान लाल झाले. "मी नियम करत नाही हो. मला वरून सांगतात तसं मी सांगते."

डॉक्टरांच्या कानावर निदान घाल, असं मी म्हटलं. निरोप ठेवते, म्हणाली. त्या निरोपाचं काय झालं ते आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

इम्तियाजने सगळं ऐकून घेतलं आणि तो आत गेला. थोड्या दिवसांच्या गोळ्या घेऊन बाहेर आला. "हे मला माझ्या अधिकारात देता येतं, पण एकदाच. पुन्हा दिलं तर माझा परवाना जाईल, डोरीन आंटी. मी त्यांना फोन करत राहतो." त्याने खरंच केले. त्यालाही तेच संगीत ऐकवलं गेलं.

त्या गोळ्या पुरवायच्या म्हणून नॉर्मनने डोरीनला न सांगता दुपारची गोळी सोडायला सुरुवात केली. दुपारभर गोठून बसायचा आणि ती विचारायला आली की डुलकी लागली होती म्हणायचा. तिला हे कळलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली. रागाने रडली. ज्या गोळ्या देशातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना हक्काने मिळतात, त्या हा माणूस चोरून वाचवत होता.

शेवटची गोळी रविवारी संध्याकाळी संपली. सोमवारी सकाळी भिंतीवर थापा पडल्या. मी आणि माझा नवरा कीथ धावलो. नॉर्मन पलंगाच्या कडेला बसला होता, एक हात हवेत तसाच राहिलेला. कीथ म्हणाला, ॲम्ब्युलन्स बोलवू. डोरीन फोनकडे वळली तेव्हा नॉर्मनचे ओठ हलले. आवाज इतका बारीक, की तिला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"म्हणतोय, त्यांना मला बघायचंय ना, मग बघू दे."

"असा?" डोरीन त्याला म्हणाली. "नॉर्मन, अख्खं गाव असतं रे तिथे सोमवारी."

त्याने डोळे मिटले आणि उघडले. मग परत ओठ हलवले. डोरीनने कपाट उघडून टाय काढला.

त्याची दाढी तिने केली. ताठ मानेवर शर्टाची कॉलर बसवायला आम्हा तिघांना झटावं लागलं. कीथने चर्चमधून व्हीलचेअर आणली. रस्ता उताराचा, दगडी. कीथ खुर्ची मागे ओढून धरत होता, मी पुढून रेटा देत होते. डोरीन बाजूने चालत होती, रुमाल घेऊन. मला इतका संताप आला होता, की तोंड उघडलं असतं तर शिवीच आली असती.

दवाखान्याच्या दारात पेशंटने आपली नोंद करायचा कॉम्प्युटरचा पडदा आहे. जन्माच्या महिन्यावर बोट ठेवा, असं त्यावर लिहून येतं. नॉर्मनचा हात मांडीवर गोळा झालेला. डोरीनने पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खुर्ची थेट काउंटरसमोर नेऊन उभी केली आणि ब्रेक लावला.

"तुम्ही बोलावलं होतंत. आणलाय," ती म्हणाली.

लॉरेनने वर पाहिलं आणि तिच्या हातातलं पेन तसंच राहिलं. तिला शाळेत नेणारी बस नॉर्मनच चालवायचा.

"अपॉइंटमेंट..." तिने सुरुवात केली आणि पुढचं गिळलं.

मागे रांग वाढली. बाकांवरची माणसं वळून बघू लागली. सगळ्यांनी त्याला ओळखलं होतं, आणि ओळखल्याचं दाखवावं की नाही हे त्यांना समजत नव्हतं. नॉर्मनचे डोळे तेवढे हलत होते, एकेका चेहऱ्यावरून. डोरीन लाळ पुसत होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं आणि त्याच वेळी वाटलं, बघा, सगळ्यांनी नीट बघा.

प्रिडी बाहेर आले. चाळिशीचे, गळ्यात ओळखपत्र, आवाज मऊ. "आपण यांना आतल्या खोलीत नेऊ या का? बाकीच्या पेशंटना अवघडल्यासारखं होतंय."

"मला नाही होत," रांगेतली एक बाई म्हणाली.

प्रिडी डोरीनकडे वळले. "मी तुमची अडचण समजू शकतो, पण हे असं..."

"अडचण मी फोनवर सांगितली, ॲपवर सांगितली, इथं उभी राहून सांगितली. तेव्हा समजली नाही तुम्हाला. आता हा सांगतोय."

नॉर्मनचे ओठ हलले. डोरीन वाकली आणि सरळ होत म्हणाली, "इथेच थांबायचं म्हणतोय."

कुणीतरी आत जाऊन सांगितलं असावं. डॉ. हेस्केथ स्वतः बाहेर आल्या. त्या दारातच थबकल्या, मग येऊन खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसल्या. "नॉर्मन, शेवटची गोळी कधी घेतलीत?" उत्तर डोरीनने दिलं. डॉक्टरांनी प्रिडींकडे पाहिलं, मग लॉरेनकडे. "ही औषधं एकदम थांबवायची नसतात. जिवावर बेततं. मला कुणी का सांगितलं नाही?" निरोप ठेवणाऱ्या लॉरेनने मान खाली घातली.

डॉक्टरांनी तिथेच लॉरेनच्या कॉम्प्युटरवरून चिठ्ठी इम्तियाजकडे पाठवली. मग नॉर्मनच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला आणि डोरीनला विचारलं, "एरवी गोळ्या मानवतायत ना?"

"मानवतायत."

"ठीक. तपासणी झाली."

डोरीन हसली. ते हसणं ऐकून माझ्या अंगावर काटा आला. "एवढंच?" ती म्हणाली. "यासाठी? हे तुम्हाला मला फोनवर विचारता आलं नसतं?"

डॉक्टर म्हणाल्या, "आलं असतं." निदान खरं तरी बोलल्या.

इम्तियाज पुडकं घेऊन स्वतःच आला, दुकान तसंच टाकून. लॉरेनने पाणी आणलं. गोळी घशाखाली उतरायला खूप वेळ लागला, आणि अंगात उतरायला त्याहून जास्त. प्रिडींनी दोनदा सुचवलं की आता घरी नेलं तरी चालेल. डोरीन दोन्ही वेळा म्हणाली, "तो चालत आत येत असे. चालतच बाहेर जाईल." आम्ही बसून राहिलो. माणसं आत जात होती, बाहेर येत होती. काही जणांनी जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्याला आवडला की नाही, कोण जाणे.

बऱ्याच वेळाने त्याची बोटं सुटली. त्याने आधी टाय चाचपला. मग कीथचा हात धरून उभा राहिला, जरा डुलला आणि पावलं घासत काउंटरकडे गेला. प्रिडी तिथेच होते.

"ही खुर्ची सेंट ऐडनच्या चर्चची आहे," नॉर्मन सावकाश म्हणाला. "चढावर आहे चर्च. दुपारपर्यंत पोहोचवा."

"मी माणूस पाठवतो," प्रिडी म्हणाले.

"माणूस नको. तुम्ही जा."

प्रिडींनी आजूबाजूला पाहिलं. सगळे बाक त्यांच्याकडे बघत होते. ते हो म्हणाले. नॉर्मन डोरीनच्या हाताला धरून बाहेर पडला. घरापर्यंतच्या चढाला त्या दिवशी आम्हाला किती वेळ लागला याची मोजदाद मी केली नाही. वाटेत तो चारचौघांशी बोलला मात्र; सगळ्यांचं त्याला बघून झालंच होतं, आता लपवायचं काय.

डोरीनने तक्रार केली. पंधरवड्याने दवाखान्याचं पत्र आलं: आपल्याला त्रास झाल्यासारखं वाटलं याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तिने 'झाल्यासारखं वाटलं' खाली लाल रेघ ओढली आणि पत्र परत पाठवलं. आरोग्यखात्याच्या वरच्या कचेरीकडेही तक्रार गेली. तिथून दोन बायका येऊन तिचं सगळं म्हणणं ऐकून गेल्या. आता अशा औषधांची तपासणी फोनवर होते आणि तोवर गोळ्या अडवत नाहीत. गावातल्या आणखी कितीतरी म्हाताऱ्यांच्या गोळ्या अडल्या होत्या, ते तेव्हा बाहेर आलं. ते बिचारे गप्प बसून सोसत होते.

प्रिडी शरद ऋतूत गेले. शेजारच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, वरच्या जागेवर, असं कानावर आलं.

नॉर्मन त्या सोमवारआधी होता तसा पुन्हा झाला नाही. डावा पाय ओढतो, शर्टाची बटणं डोरीन लावते. डॉक्टर म्हणतात, आजार पुढे सरकलाच असता. सरकला असता, मान्य आहे. पण तो दवाखान्यातल्यांनी त्या आठवड्यात हाताने ढकलला, हे माझ्या डोक्यातून कोणी काढू शकणार नाही.