दारामागची वीतभर जागा

आमच्या ह्यांना घरात कुणी खोटारडे म्हणत नाही. मी म्हणते, पण मी बायको आहे, माझं कुणी मनावर घेत नाही. बाकीचे नुसते हसतात.

ह्यांचा धंदा रंगकामाचा. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या. मी घरी बसून शिवणकाम करते, म्हणजे आमच्याकडे एकाच्या अंगावर रंग आणि दुसऱ्याच्या अंगावर दोरे, स्वच्छ असं कुणी नाहीच. तर बावीस वर्षांपूर्वी ह्यांना एका सिनेमाच्या सेटवर काम मिळालं. दीड महिना हे तिकडेच मुक्कामाला होते. परत आले ते छाती पुढे काढून. म्हणाले, "तुरुंगाची भिंत केली. सिमेंटच्या साध्या गिलाव्यावर रंगात वाळू कालवून दगड काढले. एकेक दगड वेगळा. सांध्यातलं शेवाळंसुद्धा माझ्या हातचं."

सिनेमा लागला तेव्हा माझ्या माहेरचा सगळा गोतावळा घेऊन आम्ही बघायला गेलो. अख्खी रांग आमची. पडद्यावर तुरुंग आला आणि हे खुर्चीतून उठून उभेच राहिले. "ती बघा. ती माझी."

माझा धाकटा भाऊ बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता. नोकरी लागल्यापासून घरात सगळे त्याला साहेबच म्हणतात, आणि तोही ओ देतो. तो अंधारातच म्हणाला, "दाजी, खाली बसा. ती दगडाची आहे. दगडाला कोण रंग लावतं?" रांगच्या रांग हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले.

तेव्हापासून आमच्या घरात कुणी थाप मारली की त्याला 'दगड रंगवू नकोस' म्हणतात. मुलगी शाळेतून उशिरा आली आणि बाई थांबवून घेत होत्या म्हणाली, की मी म्हणायची, दगड रंगवू नकोस. हे ऐकायचे आणि ब्रश धुवायला निघून जायचे. मला कधी वाईट वाटलं नाही. का वाटावं? भिंत मी डोळ्यांनी बघितली होती, चांगली दगडाची होती.

ह्यांच्या खोडीही काही कमी नाहीत. ब्रश माझ्या चहाच्या कपात भिजत ठेवतात. गाणी गुणगुणतात ती दोन ओळींच्या पुढे जात नाहीत. आणि कुठलीही भिंत पूर्ण रंगवत नाहीत. दाराआड वीतभर जागा कोरी सोडतात. ह्यांच्या उस्तादांनी शिकवलं होतं म्हणे, की भिंत अगदी संपवायची नाही, थोडी राखायची, मग पुढचं काम आपणहून चालत येतं. आमच्या स्वयंपाकघरात दाराआड अजून मी लग्न करून आले तेव्हाचा पोपटी रंग आहे. एकदा मी चिडून उरलेल्या रंगानं तो चौकोन भरून टाकला, तर पुढचे सहा आठवडे ह्यांना काम नाही. हे नुसते दाराआड बघायचे आणि सुस्कारा सोडायचे. शेवटी मीच कालथ्यानं तो रंग खरवडून काढला आणि दुसऱ्याच दिवशी एका दवाखान्याचं काम आलं. योगायोग होता, पण तो सिद्ध कोण करणार?

ह्या वर्षी मुलीनं आम्हाला सहलीची तिकिटं काढून दिली. सकाळी एका शहरातून बस निघणार, संध्याकाळी दुसऱ्या शहरात सोडणार, वाटेत गाईड सगळं दाखवणार: घड्याळाचा मनोरा, काचेचा कारखाना, तळं, जेवण आणि मग सिनेमाचा सेट. सेट तोच. सिनेमा एवढा चालला की त्यांनी तो मोडलाच नाही, पत्र्याच्या भल्या मोठ्या छपराखाली जपून ठेवला आणि तिकीट लावलं. साहेबाला हे कळल्यावर तो राहतोय होय? त्यानंही आपलं तिकीट काढलं. "दाजींची भिंत बघायला मी नाही तर कोण जाणार," म्हणाला, आणि मानेची उशी घेऊन आमच्या मागच्या सीटवर येऊन बसला.

गाईडबाई पन्नाशीच्या होत्या. हातात नारिंगी छत्री, गळ्यात शिट्टी, तोंडाशी माइक. आम्हाला 'मंडळी' म्हणायच्या आणि विनोद केला की स्वतःच आधी हसायच्या, म्हणजे आम्हाला अंदाज यायचा. मनोरा झाला, कारखाना झाला. ह्यांचं लक्ष कशातच नव्हतं. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशात सहलीचा कागद, तो दर पाच मिनिटांनी काढून बघायचे. तळ्यावर सगळ्यांनी फोटो काढले, हे आपले बसजवळ उभे, ड्रायव्हरला विचारतायत अजून किती लांब.

जेवणानंतर बस सुरू झाली तेव्हा हळूच मला म्हणाले, "आज तू जवळून बघ. साहेब काय म्हणायचं ते म्हणू दे, मला त्याचं काही नाही. तुला पटलं की झालं."

मी म्हटलं, "बघू." तोंडात बडीशेप होती, म्हणून तेवढ्यावर भागलं.

सेटवर पोचलो. एक अख्खा रस्ता उभा होता. दुकानं, दिव्यांचे खांब, बाल्कन्या. गाईडबाईंनी एका दुकानाचं दार उघडून दाखवलं, तर पलीकडे नुसते बांबू आणि रिकामी जमीन. सगळं प्लायवुड. मंडळी खूश. एका आजोबांनी बँकेत जाऊन बघितलं, ते लगेच मागच्या बाजूनं बाहेर आले.

रस्त्याच्या टोकाला तुरुंग. हे माझ्या पुढे चार पावलं चालत होते, आणि एरवी गुडघ्यांच्या नावानं रडत असतात.

गाईडबाई भिंतीपाशी थांबल्या, छत्री उंच केली. "मंडळी, आतापर्यंत बघितलं ते सगळं खोटं. आता ह्या सेटवरची एकच खरी वस्तू बघा. ही भिंत तीनशे वर्षांची आहे. ती इथं आधीपासून होती, म्हणून सिनेमावाल्यांनी तिच्याभोवती सेट उभारला. कृपया दोरीच्या आत जाऊ नका."

माझे डोळे ह्यांच्याकडे गेले. ह्यांचं तोंड उघडंच होतं. मग म्हणाले, अगदी नम्रपणे, "मॅडम, ही मी केलीय."

गाईडबाईंना वाटलं हा विनोद आहे. त्या हसल्या, म्हणून सगळे हसले.

"नाही, खरंच. आतून विटांची आहे. हिरो वर चढणार होता ना, म्हणून एवढी एकच भिंत पक्की बांधली. वरचे दगड मी रंगवलेत."

तोवर साहेबानं दोरीवरून हात घालून भिंतीवर बोटं वाजवली होती. ठोस आवाज आला. त्यानं कान लावला, मान तिरकी केली, एका दगडावरून अंगठा फिरवला. साइटवर करायचा तस्संच. "तीनशे वर्षं सहज. दगड घडीव आहे. चुन्यात बसवलाय." मग ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दाजी, वय झालं की आठवणींची सरमिसळ होते. तुम्ही दुसरी कुठली तरी भिंत केली असेल."

कुणीतरी मागून म्हणालं, "सोडा हो, काका. चालायचंच."

हे भिंतीकडे बघत राहिले. मला वाटलं आता भांडतील, नेहमीसारखे शेवाळ्यावर येतील. पण खिशातला तो कागद काढून त्याची आणखी एक घडी घातली आणि म्हणाले, "असेल. दुसरी असेल."

बावीस वर्षं मी हे वाक्य ऐकायला बसले होते. त्यांनी एकदा कबूल करावं आणि मी म्हणावं, बघा, म्हटलं नव्हतं? आणि ते म्हणाले तेव्हा मला ते ऐकायचंच नव्हतं. ह्या माणसाला मी हट्टी म्हणून ओळखते. हरलेला मी कधी बघितला नव्हता आणि मला तो अजिबात आवडला नाही. एवढा राग आला, साहेबाचा, त्या छत्रीवाल्या बाईंचा आणि सगळ्यात जास्त माझा. थिएटरात मीच नव्हते का हसले?

मंडळी फोटोच्या मागे लागली. मी भिंत बघत होते. तुरुंगाच्या गेटची दोन मोठी लाकडी दारं. एक बंद आणि दुसरं पूर्ण उघडून भिंतीला टेकवून साखळीनं अडकवलेलं. म्हणजे त्या दाराआडसुद्धा भिंत होतीच.

मी दोरी उचलली आणि आत गेले.

शिट्टी वाजली. "मॅडम, आत जायचं नाही." मी म्हटलं, "आलेच." दार आणि भिंत यांच्यात फट होती ती एखाद्या बारीक बाईपुरती. मी बारीक बाई नाही. साखळी जरा सैल केली, पदर खोचला, पोट आत घेतलं आणि घुसले. आत कोळिष्टकं, अंधार आणि धूळ. मोबाईलचा दिवा लावला.

दगड, दगड, दगड. काळपट, हिरवट, एकावर एक. आणि माझ्या खांद्याच्या उंचीला दगड एकदम संपले. चौकोन होता. राखाडी, गुळगुळीत, कोरा सिमेंटचा गिलावा. मी त्यावर हाताची वीत ठेवली. माझी वीत थोडी कमी पडली, स्वयंपाकघरात पडते तेवढीच.

मला तिथंच रडू आलं. धूळही गेली होती डोळ्यांत, पण ते कारण नव्हतं.

"साहेब," मी आतून हाक मारली, "इकडे ये जरा."

"ताई, बाहेर ये, त्या बाई चिडल्यात."

"ये म्हणते ना."

तो आला. तो माझ्याहून जाड, त्यामुळे नुसतं डोकं आत आलं. मी दिवा चौकोनावर धरला. "तीनशे वर्षांपूर्वी सिमेंट मिळत होतं का रे?"

साहेबानं बघितलं. हात लांब करून नखानं खरवडलं. कडेला, जिथं गिलावा संपून दगड सुरू होत होता, तिथं बोट नेलं. मग डोकं बाहेर काढून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सिमेंटच आहे. मी चुकलो." आणि ह्यांच्याकडे न बघता पुढे म्हणाला, "बावीस वर्षं चुकलो."

मग काय, सगळी रांग लागली दाराआड बघायला. गाईडबाई स्वतः दोनदा आत जाऊन आल्या. बारा वर्षं त्या ही भिंत खरी म्हणून दाखवत होत्या. बाहेर येऊन ह्यांना म्हणाल्या, "काका, आता उद्यापासून मी काय सांगू?"

हे म्हणाले, "तीनशेच सांगा. कमी नका करू." आणि मग मला कितीतरी दिवसांनी दिसलं की ह्यांना हसताना डाव्या गालाला खळी पडते.

बस निघाली. साहेब उशी मानेत अडकवून झोपल्याचं सोंग घेत होता. मी ह्यांना म्हटलं, "चुकलं माझं."

"काय?"

"चुकलं माझं, म्हटलं. मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

"गाडीचा आवाज येतोय, ऐकू येत नाही."

मी तिसऱ्यांदा मोठ्यानं म्हटलं तेव्हा पुढच्या दोन सीटवरच्या लोकांनी मागे वळून बघितलं. ह्यांना तेच हवं होतं. मग मी विचारलं, "पण तुम्ही तुमचा चौकोन का नाही दाखवलात? तुम्हाला तर माहीत होतं, तुम्ही सोडता ते."

हे खिडकीबाहेर बघत होते. "भीती वाटली," म्हणाले. "इतकी वर्षं सगळे हसले की आपलंच आपल्याला खरं वाटेनासं होतं. साहेबानं भिंत वाजवली तेव्हा मलाही ती दगडाचीच वाटली. दाराआड बघितलं असतं आणि तिथं काही नसतं, तर?"

मी त्यांचा हात हातात घेतला. नखांत रंग होता, नेहमीसारखा. दुसरं शहर येईपर्यंत सोडला नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही आमचा हॉल रंगवायला काढला. रंग मी पसंत केला. दोन दिवसांत तिन्ही भिंती झाल्या, आणि चौथीवर हे दाराआड आले तेव्हा मीच जाऊन उभी राहिले. कोरी जागा मी मोजून दिली, माझ्या वितीनं.

हे म्हणाले, "अगं, तुझी वीत लहान आहे."

म्हटलं, "असू दे. काम जरा कमीच येऊ दे. तुम्ही घरात दिसत जा."