भिंतीवरून उतरवलेलं स्वयंपाकघर

मंगळवारी आणि शुक्रवारी घर हलवायचं नसतं, एवढं इटलीतल्या आंकोना गावात शेंबड्या पोरालाही कळतं. तरी तांक्रेदीने एर्सीलियाला शुक्रवारच नेमून दिला. घर त्याच्या बापाचं होतं, बाप गेल्यावर त्याचं झालं, त्यामुळे वारही त्याच्याच मर्जीचा. चौथ्या मजल्यावरच्या त्या भाड्याच्या घरात एर्सीलिया नवी नवरी म्हणून आली आणि तिथेच विधवा झाली. आता तिथे बंदरावर बोटीतून उतरणारे पर्यटक पाहुणे चार-चार दिवस भाड्याने राहून जाणार होते. कायद्याने त्याला ते करता येत होतं. कायद्याने माणसाला बऱ्याच गोष्टी करता येतात, लाज वाटली तरच तो थांबतो.

"मम्मा, वार कोण मानतं गं आता?" तिची लेक लोरेदाना म्हणाली.

"तू मानलास. तुझ्या लग्नाला शुक्रवारी अख्खं चर्च मोकळं होतं. रविवारच का धरून बसली होतीस?"

लोरेदानाने यावर खोक्याला चिकटपट्टी लावायला घेतली. एर्सीलिया मात्र गुरुवारी संध्याकाळीच मिठाची पुडी आणि नवी केरसुणी घेऊन नव्या घरी जाऊन आली, म्हणजे हलवाहलव गुरुवारी सुरू झाली असं म्हणता यावं. संतांना हे पटलं की नाही कोण जाणे, पण तिला रात्री झोप लागली.

लोरेदानाने महिनाभर फोनवर वाचून वाचून घर कसं हलवायचं याचा पुरता अभ्यास केला होता. पुस्तकं लहान खोक्यात भरायची, उशा मोठ्या खोक्यात. कपाट खोललं की त्याचे स्क्रू पिशवीत घालून त्याच कपाटाच्या आत चिकटवायचे. कॉफीचं भांडं सगळ्यांत शेवटी भरायचं, म्हणजे नव्या घरी ते सगळ्यांत आधी हाताला लागतं. यातलं बरंचसं एर्सीलियाला उपजतच ठाऊक होतं आणि उरलेलं तिला पटत नव्हतं.

"वर्षभर ज्याला हात लागला नाही ते टाकून द्यायचं, असं लिहिलंय," लोरेदाना म्हणाली होती.

"मग तुझ्या नवऱ्यापासून सुरुवात कर. फाबियोने वर्षभरात घरातल्या कशाला हात लावलाय?"

शुक्रवारी सकाळी सामानवाले आले. त्यांचा मुकादम दुइलिओ हा पोट सुटलेला, तोंडाळ, पण हलक्या हाताने सामान हाताळणारा माणूस होता. रस्त्यावर शिडीची गाडी लागली, शिडी थेट चौथ्या मजल्याच्या बाल्कनीला टेकली आणि तिच्यावरच्या फळीवरून पलंग, गाद्या, आरसे एकामागून एक खाली सरकू लागले. झोपायची खोली रिकामी झाली, मग बैठकीची. शेवटी दुइलिओ स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वयंपाकघरात शिरला.

"ते नको," लोरेदाना मागून म्हणाली. "ते इथेच राहणार आहे."

एर्सीलियाला आधी वाटलं, आपल्याला ऐकू कमी आलं.

या गावात माणूस घर सोडतो तेव्हा स्वयंपाकघर बरोबर नेतो. कपाटं, शेगडी, ओटा, बेसिन, छताचा दिवा, सगळं. मागे उघडी भिंत राहते आणि तिच्यातून बाहेर आलेली नळाची दोन तोंडं. घर मालकाचं, स्वयंपाकघर राहणाऱ्याचं. हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. आणि हे तर नाझ्झारेनोने स्वतःच्या हातांनी केलेलं होतं. तिचा नवरा गोदीत सुतार होता. जहाजाच्या खोल्यांतून उरलेलं अक्रोडाचं लाकूड त्याने साहेबाला विचारून विचारून जमवलं होतं. भिंत जुनी, मध्यभागी पोट सुटलेली. त्याने प्रत्येक कपाटाची पाठ रंधा मारून त्या पोटाच्या बाकाची केली होती. भिंत आणि कपाट यांच्यामध्ये पोस्टकार्डसुद्धा शिरत नसे.

"राहणार म्हणजे? कुणी ठरवलं?"

"तांक्रेदीने विचारलं, मी हो म्हटलं. मम्मा, ऐकून घे. फाबियोने नव्या घरात माप घेतलंय. मावत नाही. तिथली भिंत आखूड आहे आणि सरळ आहे. बाबांनी हे या भिंतीसाठी केलं होतं, हे या भिंतीचंच आहे. तुझ्यासाठी मी छान पांढरं सांगून ठेवलंय."

"मी कुठे होते तेव्हा? मेले होते?"

"तू चिडशील म्हणून नाही सांगितलं."

"आणि आता मी काय गातेय?"

दुइलिओने स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि बाल्कनीत जाऊन खालच्या पोरांवर उगाच ओरडू लागला. एर्सीलिया एका खोक्यावर बसली. संताप तर एवढा आला होता की लेकीला दोन थोबाडीत द्याव्यात. पण 'या भिंतीचंच आहे' हे वाक्य खरं होतं. या भिंतीवरून उतरवलं तर ते दुसरीकडे कुठेच नीट बसणार नव्हतं. फडकं ओलं करून ती कपाटांची दारं पुसू लागली. पाहुण्यांच्या हाती द्यायचं तर स्वच्छ द्यावं, इतपत तिचं मन वळलं होतं. लोरेदानाने ते पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात जिन्यावर चाकाच्या बॅगा वाजल्या. तांक्रेदी आत आला. त्याच्या मागे पाहुणे, पिकल्या केसांचं एक परदेशी जोडपं. बोट लवकर लागली होती, बॅगा तेवढ्या ठेवून जातो म्हणाले.

लहानपणी या तांक्रेदीची आई दुकानात असायची तेव्हा तो एर्सीलियाच्या दारात येऊन उभा राहायचा आणि ती त्याला पावावर तेल आणि टोमॅटो चोळून द्यायची. तो अजून तिला मावशी म्हणायचा, आणि घर खाली करायची नोटीसही त्याने मावशी म्हणतच हातात ठेवली होती.

पाहुणीने एर्सीलियाला पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. "नोन्ना! नोन्ना!" म्हणत तिने एर्सीलियाचा फडक्याचा हात दोन्ही हातांत धरला. आजी म्हणे! मग फोन काढून दाखवला.

फोनवर हेच स्वयंपाकघर होतं. शेगडीपुढे पाठमोरी एक बाई, ॲप्रनची गाठ मागे बांधलेली, हातात डाव. खाली लिहिलं होतं: आजीच्या खऱ्याखुऱ्या स्वयंपाकघरात राहा, तिच्या हातची चव इथे अजून दरवळते.

ईस्टरला तिने तांक्रेदीला जेवायला बोलावलं होतं. आईविना पोर म्हणून. आदल्या दिवसापासून खपून विन्चिसग्रास्सी केलं होतं, पास्त्याचे आणि मांसाच्या रश्श्याचे थरावर थर लावून. तो दोनदा वाढून घेऊन जेवला होता. फोटो कधी काढला हे तिला कळलंही नव्हतं.

"हा काय प्रकार आहे?" तिने विचारलं. आवाज इतका शांत होता की दुइलिओ बाल्कनीतून आत आला.

"अहो मावशी, चेहरा कुठे दिसतोय तुमचा? कोण ओळखणार आहे?"

"तोंड दिसत नाही म्हणून पाठ काय तुझ्या बापाची झाली?"

"लोकांना असलं काही आवडतं हो. जुनं, घरगुती. तुमचा मानच आहे त्यात."

"मान? मला घराबाहेर काढायचं आणि माझी चव भाड्याने द्यायची? माझ्या ताटात जेवताना फोटो काढलास मेल्या! आजी इथे राहते असं सांगतोस लोकांना, आणि आजीला आजच्या आज निघायला सांगतोस!"

"मावशी, पाहुण्यांसमोर तरी..."

"पाहुण्यांसमोरच! त्यांना तरी कळू दे, आजी कोण आणि चोर कोण."

लोरेदानाने फोन पाहुणीच्या हातातून घेतला होता आणि ती तो पुन्हा पुन्हा पाहत होती. तिचे कान लाल झाले. "तू मला म्हणालास कपाटं चांगली आहेत म्हणून ठेवायची आहेत," ती तांक्रेदीला म्हणाली. "माझी आई ठेवायची आहे असं नाही म्हणालास."

"दुइलिओ," एर्सीलिया म्हणाली, "खोला."

"सगळं, सिन्योरा?"

"सगळं. बेसिन, ओटा, शेगडी. छताचा दिवा. पडद्याचा दांडा माझा आहे, तो पण. दाराची मूठ नाझ्झारेनोने बसवली होती, ती पण काढा."

"नेऊन करणार काय?" आता तांक्रेदीचाही आवाज चढला. "तिकडे मावत नाही! तुमच्या जावयानेच सांगितलंय! निव्वळ अडून बसायचं म्हणून लाकडाचा सत्यानाश करणार तुम्ही!"

"मावो नाहीतर चुलीत जावो. तुला विचारलं?"

स्क्रू निघू लागले. लोरेदाना आपणहून पिशव्या घेऊन उभी राहिली, स्क्रू त्यात घालून ज्या त्या कपाटाच्या आत चिकटवू लागली. या कामाला तिचा अभ्यास खरोखर उपयोगी पडला. पाहुणे भांबावून भिंतीला टेकले होते. एर्सीलियाने लेकीला सांगितलं, "त्यांना म्हणावं, तुमच्यावर राग नाही. बंदरावर जा, तिथे सुकवलेला मासा बटाट्यावर शिजवतात तो खा. आणि आजी बघायची असेल तर आपल्या घरची जाऊन बघा." शेवटचं वाक्य लोरेदानाने भाषांतर करताना गाळलं.

फळीवरून कपाटं उतरू लागली तशी समोरच्या बाल्कन्यांत माणसं जमली. मागे भिंत उरली, तिचं पोट पुढे आलेलं, नळाची दोन तोंडं उघडी. त्या भिंतीपुढे उभं राहून तांक्रेदी फोनवर कुणाला तरी "आजच्या आज पांढरं चालेल, कुठलंही चालेल" असं सांगत होता.

नव्या घरात मात्र तांक्रेदीचं आणि फाबियोचंच खरं निघालं. कपाटं एकेक करून लावून पाहिली. खिडकीकडचं मोठं कपाट दोन वितींनी जास्त होत होतं, निम्मी खिडकी झाकत होतं. आणि भिंत सरळ असल्याने बाकीची कपाटं टोकांनाच टेकत होती, मध्ये हात जाईल एवढी फट. एर्सीलियाने त्या फटीत हात घालून पाहिला. त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

"मम्मा, मोठं कपाट खाली तळघरात ठेवू," लोरेदाना हळूच म्हणाली. "पांढरं अजून रद्द केलेलं नाही मी."

"बाबाच्या हत्यारांचं खोकं कुठेय?"

खोकं आलं. तिने करवत काढली, अंगठ्याने धार पाहिली. मग पेन्सिलीने कपाटावर वरून खाली रेघ ओढली.

"सिन्योरा, अक्रोडाचं आहे," दुइलिओ म्हणाला. "असं काम आता कुणी करत नाही. पाप लागेल."

"लागू दे. माझं मला लागेल."

लोरेदाना आता उघड रडत होती. "बाबांनी केलंय ते, मम्मा. अख्खं कपाट आहे. नको ना कापू."

"अख्खं तिकडे भिंतीवर होतं, फोटोत. अख्ख्याचं काय झालं ते पाहिलंस ना?" तिने रेघेवर करवत टेकवली आणि पहिला ओढा घेतला. लाकूड कडक होतं, करवत अडली, तिने परत ओढली. "तुझ्या बाबाने भिंत पाहून रंधा मारला. मी ही भिंत पाहून कापतेय. रडतेस काय? ते टोक धर. हलतंय."

लोरेदानाने डोळे बाहीला पुसले आणि दोन्ही हातांनी टोक धरलं.