थोरल्यावर मी चालले, तो दिवस

मी करवत बोलतेय. दचकलात ना? झाडांचं ऐकायला बसलात आणि समोर कोण आलं, तर मी! पण जे मी पाहिलं, ते मी नाही सांगणार तर कोण सांगणार? त्या दिवसाचा धक्का अजून माझ्या पात्यातून गेलेला नाही.

मी साधीसुधी नव्हे, दोन मुठींची. दोन्ही टोकांना एकेक माणूस लागतो मला. एकट्यानं ओढायला घेतलं की मी नुसती लचकते, काम शून्य. लोहाराच्या भट्टीतून निघाले, कानशीनं दात घासून घेतले आणि एका लाकूडकाप्याच्या घरी आले. तो माझा मालक. माझ्यावर त्याचा भारी जीव. त्याच्या बायकोनं मला एकदा ओल्या फरशीवर टाकलं, तर या बाबानं घर डोक्यावर घेतलं होतं.

एका रस्त्याचं रुंदीकरण निघालं. दोन्ही बाजूंची जुनी झाडं पाडायची होती. आम्ही सकाळी पोचलो, तर पहिल्याच झाडाच्या बुंध्याला टेकून एक बाई बसलेली. समोरच तिचं चष्म्याचं दुकान. म्हटलं, आता शिव्या आणि ढकलाढकली. तर ती मालकाला म्हणते, "दादा, उन्हातून आलात, आधी पाणी घ्या. माझं भांडण ठेकेदाराशी आहे, तुमच्याशी नाही."

मालक चाटच पडला. आणि मी? माझ्याकडे तर आजवर झाडं वाचवणाऱ्यांनी कधी धड बघितलंसुद्धा नव्हतं!

सगळा रस्ता तिला ताई म्हणायचा. ताईनं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, दुकानदारांना समजावलं, ठेकेदाराशी हुज्जत घातली. शेवटी रस्ता वळला, झाडं राहिली. मालकाचं काम गेलं म्हणून तिनं त्यालाच झाडांची निगा राखायला लावलं. मला मात्र तिनं मालकाकडून मागून घेऊन दुकानाच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं. भोवती चष्म्याच्या फ्रेमा, मधे मी. गिऱ्हाईकं बोट दाखवून म्हणायची, "ही ताईंनी जिंकून आणलेली." मला मेलीला तिथे गंज चढत होता, त्याचं कुणाला काय!

त्या झाडांतलं सगळ्यात मोठं झाड म्हणजे थोरला. बालवाडीच्या छपरावर ओणवा झालेला. ताईच्या लेकीनं त्याचंच चित्र काढलं होतं, ते झाडं वाचवण्याच्या प्रत्येक फलकावर असायचं. एका पावसाळ्यानंतर थोरल्याच्या बुंध्याशी ताटलीएवढ्या अळंब्या उगवल्या. ताईनं लाकडी हातोडा मारून पाहिला. आवाज पोकळ आला. झाडांचे डॉक्टर आणले, फांद्या छाटून किंवा टेकू देऊन भागेल का तेही विचारलं. मूळच कुजलंय म्हणाले.

संध्याकाळी दुकानात सगळे जमले. ताई म्हणाली, "थोरला उतरवावा लागेल."

अहो, माझा कानांवर विश्वास बसेना! ताई? आणि झाड पाडायचं?

एकच गलका झाला. "ठेकेदार पेढे वाटेल!" "आपली काय अब्रू राहील?" आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे पोटची लेक उभी राहून म्हणाली, "आई, ठेकेदारानं तुला काय दिलं गं?"

ताईनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "काही नाही दिलं. पण विचारलंस ते बरं केलंस. उद्या बाहेर हेच विचारणार आहेत, आत्ताच सवय होऊ दे मला. खाली पोरं खेळतात. झाड आपलं आहे म्हणून न दिसल्यासारखं करायचं?"

आणि तिनं मला खिळ्यावरून काढलं. मी हादरलेच.

परवानगीच्या खिडकीतला कारकूनही हादरला म्हणे. "ताई, तोडायची परवानगी? अहो, खिडकी चुकली का?"

ठरल्या दिवशी बालवाडीला सुट्टी, रस्ता बंद. मालकानं दोर बांधून आधी फांद्या उतरवल्या. त्या निघाल्या टणक! गर्दी उसळली. "बघा, धडधाकट होतं!" "गद्दार!" वरून मालक ओरडला, "ताई, थांबू का?"

"नको. चुकले असले तर शिव्या मला पडू देत. तुम्ही दोर सांभाळा."

खोडाची पाळी आली. ताईनं माझी एक मूठ धरली. दुसरीला कुणीच येईना. हातात हात घालून हीच माणसं तिच्यामागे उभी राहिली होती हो! मग लेक पुढे आली. डोळे लाल. म्हणाली, "पटलेलं नाहीये मला. पण तू काय एकटी ओढणारेस का?"

मायलेकी मला ओढू लागल्या. साल गेली, वरचं लाकूड गेलं. आणि अचानक माझ्या दातांना काही लागेचना! आतून ओला, तपकिरी चुरा भसाभस बाहेर आला. कडकड आवाज झाला. मायलेकी मागे पळाल्या. दोरांनी ओढला तसा थोरला रिकाम्या रस्त्यावर आडवा झाला. लेकीनं बुंध्यात हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला.

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. "ताई बरोबर होत्या!"

"टाळ्या नकोत," ताई म्हणाली. "थोरला गेलाय आपला."

ती बुंध्याशी खाली बसली. मी तिच्या मांडीवर होते, म्हणून लेकीशी बोललेलं मला ऐकू आलं. "पहिल्या ओढीपासून सारखं म्हणत होते गं, मी खोटी ठरू दे. आत टणक लागलं असतं तर तिथेच थांबवलं असतं. पुन्हा पालवी आली असती त्याला. सगळ्यांनी मला हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं."

आणि ती रडली. लेकीनं तिला घट्ट धरलं.

सगळ्यात मोठा धक्का मला हा बसला. आपलंच खरं करायला भांडणारी माणसं मी जन्मभर पाहिली. आपण खोटं ठरावं म्हणून तळमळणारी ही एकच.

आता मी पुन्हा भिंतीवर आहे. मालकानं गंज घासून तेल दिलंय. एवढंच मागते तुमच्याकडे. तुमच्यात असं कुणी असेल, तर ते बरोबर ठरल्यावर टाळ्या वाजवू नका. जवळ जाऊन बसा जरा.