सगळं रिजनल चालतंय

मतीननं डिस्क आत सरकवली. प्लेअरनं ती जरा घरघर फिरवली आणि थुंकावी तशी बाहेर टाकली. टीव्हीवर इंग्रजीत एक ओळ आली. रिजन चुकीचा.

"लागला व्हय रं? मला काय दिसंना," शमशाद म्हणाली.

"न्हाई अम्मी. अजून लागलाच न्हाई."

मिरजेत तंबोरे करणारी घरं बरीच, पण कॅमेरा आला होता तो तिच्या नवऱ्याकडं, फारूकभाईंकडं. मतीन तवा शाळेत होता. अमेरिकेची माणसं आली, दुकानात मांडी घालून बसली, भोपळा कापण्यापासनं तारा चढवेपर्यंत सगळं शूटिंग करून गेली. पिक्चर तिकडंच निघाला, तिकडंच विकला गेला. पुढं फारूकभाई अचानक गेले. घरात फोटो होते, पण हलणारे, बोलणारे फारूकभाई कुठंच नव्हते. आता मतीनची बहीण आसिया लग्न होऊन तिकडं गेली, आणि जुन्या मालाच्या एका साईटवर तिला ती डिस्क घावली. प्लेअर तिच्याकडंबी नव्हता. न बघताच तिनं ती इकडं येणाऱ्या पाहुण्याबरोबर धाडून दिली.

आणि घाई होती. शमशादच्या डोळ्याचा पडदा मधोमध खराब होत चालला होता. डॉक्टरनं मतीनला बाजूला घेऊन सांगितलं, दिसतंय तवर दाखवायचं ते दाखवून घ्या. मतीननं घरी येऊन सांगितलं, "नंबर वाढलाय चष्म्याचा. बाकी काय न्हाई."

प्लेअर उचलून तो परत सांगलीला, नाथाजीच्या दुकानात गेला. आता डीव्हीडी प्लेअर विकतंय कोण? लॅपटॉपलासुद्धा डिस्क घालायची जागा ऱ्हायली न्हाई. नाथाजीकडं माळ्यावर एक शिल्लक होता, तो त्यानं फुंकर मारून दिला होता.

"तुमी म्हणाला हुता सगळं रिजन चालतंय!"

"रिजनल म्हनलं मी, रिजनल!" नाथाजी तडकला. "मराठी लाव, कन्नड लाव, तेलगू लाव. ही तर अमेरिकेची हाय की! बाहेरदेशी कवा म्हणालो मी?"

मतीनला हसावं का रडावं कळंना. पण चूक त्याचीबी होतीच. आसियानं फोनवर सांगितलं होतं, 'ऑल रिजन' विचारून घे. आणि 'सगळं रिजनल' ऐकल्यावर त्यानं मान डोलावली होती.

"सातारला जा गड्या," नाथाजी जरा नरमला. "जयराज म्हणून हाय. मिलिटरीत हुता, रेडिओ दुरुस्त करायचा. त्येच्याकडं असलं काय तर असतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या रेल्वेनं मतीन सातारला गेला. जयराजनं डिस्क उलटीपालटी करून बघितली.

"कंपन्यांनी दुनियेचं वाटं पाडल्यात रं. अमेरिका एक नंबर, आपुन पाच. तिकडची डिस्क हिकडच्या प्लेअरला परकी." त्यानं एक जुनाट प्लेअर काढला, रिमोटवर कसले कसले आकडे दाबले, शेवटी शून्य. "आता ह्याला समदी दुनिया सारखीच. टीव्ही कंचा हाय?"

"हाय की. रंगीत."

"तसं न्हवं. अमेरिकेचं चित्र घेतोय का? जुना डबा असंल तर रंग यायचा न्हाई. मग दुसरा प्लेअर बघाय लागंल, चित्र बदलून देणारा."

घरात जुना डबाच होता, फारूकभाईंनी आणलेला. पण दुकानात अजून दोघं उभे होते, आणि मतीनला लाज वाटली.

"नवाच हाय," तो म्हणाला.

जयराजनं प्लेअर केशरी पिशवीत घालून दिला.

दुपारी घरी आल्या आल्या मतीननं वायरी जोडल्या. डिस्क फिरली. बाहेर आली न्हाई. पडद्यावर फारूकभाई. मांडीवर भोपळा, कानामागं पेन्सिल. सगळं काळं-पांढरं.

शमशाद बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "रंग गेलं."

"टीव्हीचं हाय ते अम्मी. डबा जुना हाय म्हणून."

"व्हय रं."

"खरंच!"

"चष्म्याचा नंबर म्हणालास, तवाबी असाच आवाज हुता तुजा." ती रागावली नव्हती, म्हणून जास्त लागलं. "डॉक्टर माज्याशीबी बोलतोय. मी इचारलं त्याला."

मतीननं कोपऱ्यातला भोपळा उचलून पुढं धरला. "ह्याचा रंग सांग."

"येडा का काय? जलमभर बघितलाय मी भोपळा. डोळं झाकून सांगंन."

तिला म्हाईत नसलेलं काय होतं घरात? त्यानं खाली पडलेली पिशवी उचलली. "ही?"

शमशादनं मान वाकडी केली. मधलं दिसत न्हाई म्हणून ती आजकाल कडेनं बघायची.

"तांबडी... न्हाई. केशरी."

"केशरीच."

"मग टीव्हीचंच हाय?"

"टीव्हीचंच. जयराजनं इचारलं, मी खोटं बोललो. नवा हाय म्हनलं."

"बापासारका खोटं बोलाय तरी शीक," शमशाद म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. "आवाज मोठा कर."

पडद्यावर फारूकभाईंनी भोपळ्यावर टिचकी मारली, आवाज ऐकला, आणि कॅमेऱ्याकडं न बघता दाराकडं मान वळवून ओरडले, "आगं, चा टाक! पाव्हणं बसल्यात कवाधरनं."

"टाकलाय की!" शमशादच्या तोंडातनं निघून गेलं.

ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. कुणी बाहेरनं बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाईचं पिक्चरकडं ध्यानच न्हाई. पण तिला तसंच दिसत होतं, जेवढं दिसत होतं तेवढं. बघता बघता तिनं मान अजून थोडी वळवली. मग अजून थोडी.

"मागं घे," ती म्हणाली. "हाक मारली तिथपास्नं."